पदकांचा भाव आणि तालिकेचा रकाना : क्रीडा संपादकांस खुले पत्र

प्रति,
मा. क्रीडा संपादक,
मराठवाड्यात वाचली जाणारी सर्व मराठी दैनिके

विषय : ऑलिम्पिकची पदकतालिका छापण्याच्या पद्धतीविषयी

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

पॅरिसचे ऑलिम्पिक ११ ऑगस्ट २०२४ रोजी संपले आणि ‘भारत ७१ वा’ हा आकडा आपल्या अंकांतून घरोघर पोहोचला. त्याच तालिकेत पाकिस्तान ६२ वा होता. आपल्या खात्यावर एक रौप्य आणि पाच कांस्य अशी सहा पदके होती, त्यांच्या खात्यावर अर्शद नदीमने भालाफेकीत मिळवलेले एकुलते एक सुवर्ण होते, तरीही ते आपल्या वर. या एका गोष्टीवरून अंबाजोगाईपासून उदगीरपर्यंतच्या तालमींत, मैदानांवर आणि चहाच्या टपऱ्यांवर जो वाद पेटला तो अजूनही धुमसतो आहे. एक सुवर्ण म्हणजे किती कांस्य, हा त्याचा गाभा. कोणी म्हणते तीन, कोणी म्हणते पाच, आणि जुने पैलवान म्हणतात की हा हिशेब मांडणाऱ्याने कधी लंगोट लावलेला नसणार.

मी शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालेला माणूस असल्याने हा वाद निवाड्यासाठी माझ्यापर्यंत वारंवार येतो. माझे मत असे आहे की पदकांचा आपसांतला एकच पक्का भाव ठरवता येत नाही, कारण प्रत्येक खेळात ते पदक हाती येण्याची वाट वेगळी असते. परंतु आपण तालिका ज्या तऱ्हेने छापता तिच्यामुळे असा भाव कोणीतरी वरून ठरवून दिलेला आहे, असा समज वाचकांत पसरतो. म्हणून हे पत्र वाद घालणाऱ्यांना न लिहिता आपल्याला लिहीत आहे.

प्रथम तालिकेविषयी. आपण जी क्रमवारी छापता तिच्यात आधी सुवर्णपदके मोजली जातात. ती समान असली तरच रौप्य पाहिले जाते, आणि तेही समान असले तरच कांस्याकडे नजर जाते. पॅरिसमध्ये अमेरिका आणि चीन यांची प्रत्येकी ४० सुवर्णपदके झाल्यामुळे रौप्याला बोलायची संधी मिळाली आणि ४४ विरुद्ध २७ अशा फरकाने अमेरिका पहिली ठरली. पण अशी वेळ क्वचित येते. एरवी या पद्धतीत रौप्य आणि कांस्य ही केवळ बरोबरी सोडवण्यापुरती असतात. ग्रेट ब्रिटनने ६५ पदके मिळवली, यजमान फ्रान्सपेक्षा एक जास्त, तरी तो देश सातवा. त्याच्या वर सहाव्या स्थानी नेदरलँड्स, ज्याची एकूण पदके ३४. ब्रिटनची १४ सुवर्णे आणि नेदरलँड्सची १५, एवढ्या एका आकड्यावर हा निकाल लागला. ही पद्धत चूक आहे असे मी म्हणत नाही. पहिला तो पहिला, या भावनेला तिच्यात मान आहे. मात्र या पद्धतीत कांस्याची किंमत सुवर्णाच्या निम्मी नसते, पाव नसते, ती जवळजवळ शून्य असते, हे तालिका वाचणाऱ्या किती जणांच्या लक्षात येते?

आणखी एक गोष्ट आपल्याला ठाऊक आहे, पण आपल्या वाचकांना ती कोणी सांगत नाही. ऑलिम्पिक चार्टरमध्ये स्पष्ट म्हटले आहे की या स्पर्धा खेळाडूंमधल्या आहेत, देशांमधल्या नाहीत. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समिती पदकांचा तक्ता माहितीसाठी प्रसिद्ध करते, त्याला देशांची अधिकृत क्रमवारी म्हणत नाही. म्हणजे ‘भारत ७१ वा’ हा कोणा पंचाने दिलेला निकाल नसून रकाने लावण्याच्या एका रूढीतून निघालेला आकडा आहे. अमेरिकेतील अनेक वृत्तपत्रे एकूण पदकांवरून क्रम लावतात. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये स्पर्धा संपल्या दिवशी चीनची सुवर्णपदके ५१ आणि अमेरिकेची ३६ होती, तर एकूण पदके अनुक्रमे १०० आणि ११०. त्यामुळे एका देशातला वाचक चीनला पहिला मानून झोपला आणि दुसऱ्या देशातला अमेरिकेला. पुढे उत्तेजक द्रव्यांच्या फेरतपासणीत चीनच्या तीन महिला वेटलिफ्टरांची सुवर्णपदके काढून घेण्यात आली, तेव्हा तो ५१ चा आकडाही ४८ झाला. ज्या तालिकेच्या आधारे आपण मोठमोठे मथळे देतो ती आठ-नऊ वर्षांनीही बदलू शकते.

आता आपल्या भागातल्या तरुणांनी सुचवलेल्या गुणपद्धतींकडे येतो. सर्वांत लोकप्रिय म्हणजे सुवर्णाला तीन, रौप्याला दोन, कांस्याला एक. या हिशेबाने पॅरिसमध्ये भारताचे सात गुण होतात आणि पाकिस्तानचे तीन. चार-दोन-एक लावले तर सात विरुद्ध चार. पाच-तीन-एक लावले तर आठ विरुद्ध पाच. कोणतेही सूत्र घ्या, आपण वर. मला शंका अशी येते की ही सूत्रे आधी निकाल ठरवून मग शोधलेली आहेत. कारण टोकियोत नीरज चोप्राच्या सुवर्णामुळे भारत ४८ वा आला होता, तेव्हा यांपैकी कोणालाही सुवर्णाला फार वजन दिले जाते असे वाटले नव्हते. लंडनला २०१२ मध्ये आपण दोन रौप्य आणि चार कांस्य मिळवली. त्याआधी बीजिंगला अभिनव बिंद्राचे एक सुवर्ण आणि सुशीलकुमार व विजेंदरसिंग यांची दोन कांस्य. रूढ पद्धतीने बीजिंगची तीन पदके लंडनच्या सहा पदकांपेक्षा भारी ठरतात, आणि बिंद्राचे ते सुवर्ण भारताचे पहिले वैयक्तिक सुवर्ण असल्यामुळे बहुतेकांना हा निवाडा मनातून पटतोही. मग तीच पद्धत पाकिस्तानच्या बाबतीत खटकावी हे थोडे गमतीचे आहे. अर्शदने ९२.९७ मीटर फेकून ऑलिम्पिक विक्रम केला, नीरजचा भाला ८९.४५ मीटरवर पडला. त्या दिवशी कोण श्रेष्ठ होते याविषयी खुद्द नीरजच्या मनात संदेह नव्हता.

शिवाय सूत्र बदलले की फक्त आपणच हलतो असे नाही. तीन-दोन-एकने जपान तिसऱ्या स्थानावरून सहाव्यावर घसरतो आणि ब्रिटन सातव्यावरून चौथ्यावर चढतो. ब्रिटनच्या चाहत्याला हे सूत्र न्याय्य वाटेल, जपानच्या चाहत्याला अन्याय्य.

पदकांचा भाव खरोखर कोठे ठरतो, हे पाहायचे असेल तर बक्षिसांच्या रकमा पाहाव्यात. हरियाणा सरकार ऑलिम्पिक सुवर्णाला सहा कोटी, रौप्याला चार कोटी आणि कांस्याला अडीच कोटी रुपये देते. केंद्र सरकारच्या योजनेत हे आकडे ७५ लाख, ५० लाख आणि ३० लाख असे आहेत. टोकियोनंतर भारतीय क्रिकेट मंडळाने सुवर्णाला एक कोटी, रौप्याला ५० लाख आणि कांस्याला २५ लाख दिले होते. म्हणजे कांस्याची किंमत हरियाणाच्या तिजोरीत सुवर्णाच्या सुमारे ४२ टक्के, दिल्लीत ४० टक्के आणि क्रिकेट मंडळाकडे २५ टक्के. यांतला एकही दर आपल्या तालिकेच्या दराशी जुळत नाही. तिजोरीला रक्कम द्यायची असते, म्हणून तिला कोणता तरी दर ठरवावाच लागतो. वर्तमानपत्राला असे कोणतेही बंधन नाही, ही बाब मला महत्त्वाची वाटते. जाता जाता नोंदवतो की केंद्राने पॅरिस पॅरालिम्पिकच्या विजेत्यांनाही हेच ७५, ५० आणि ३० लाखांचे दर लावले. त्या स्पर्धेत भारताने सात सुवर्णांसह २९ पदके मिळवून अठरावे स्थान घेतले, आणि आपल्या चहाच्या टपरीवरच्या तज्ज्ञांपैकी एकालाही तो क्रमांक पाठ नाही.

आमच्या भागाला ज्यातले थोडेफार कळते त्या कुस्तीचे उदाहरण आता सविस्तर घेतो. पॅरिसमध्ये ५७ किलो गटात अमन सेहरावत उपांत्य फेरीत जपानच्या रेई हिगुचीकडून हरला. त्याच हिगुचीने अंतिम फेरीत अमेरिकेच्या स्पेन्सर ली याला हरवून सुवर्ण जिंकले. अमनने पुढे पोर्तो रिकोच्या डॅरियन क्रूझला १३-५ असे नमवून कांस्य घेतले. म्हणजे रौप्यवाला आणि कांस्यवाला दोघेही एकाच मल्लाकडून हरले. एक शेवटच्या दिवशी हरला, दुसरा त्याच्या आदल्या दिवशी. अमन आणि ली यांची आपसांत कुस्तीच झाली नाही. सोडतीत हिगुची खालच्या अर्ध्यात असता की वरच्या, यावर अमनच्या गळ्यात कोणते पदक पडले असते हे बऱ्याच अंशी ठरले असते. हे जाणणारा कोणताही वस्ताद रौप्य म्हणजे दोन गुण आणि कांस्य म्हणजे एक, असे छातीठोकपणे सांगणार नाही. कुस्तीत, ज्युदोत आणि तायक्वांदोत प्रत्येक गटात दोन कांस्य असतात. बॉक्सिंगमध्ये तर उपांत्य फेरीत हरलेल्या दोघांनाही तिसऱ्या क्रमांकासाठी न लढता कांस्य मिळते. भालाफेकीत मात्र कांस्य एकच. तालिकेच्या रकान्यात ही सारी कांस्ये सारखीच.

आणि विनेश फोगाटचे काय करायचे? ५० किलो गटात तिने पहिल्याच फेरीत जपानच्या युई सुसाकीला हरवले, जी त्यापूर्वी आंतरराष्ट्रीय आखाड्यात कोणाकडूनही हरली नव्हती. विनेश अंतिम फेरीत पोहोचली. ७ ऑगस्टच्या सकाळच्या वजनात ती १०० ग्रॅम जास्त भरली आणि नियमाप्रमाणे तिला शेवटच्या क्रमांकावर टाकण्यात आले. क्रीडा लवादाकडे केलेली रौप्याची मागणीही फेटाळली गेली. विनेशकडून हरलेली सुसाकी कांस्य घेऊन गेली. नियम नियम असतो आणि वजनाचा नियम मोडला तर काय होते हे प्रत्येक पैलवानाला ठाऊक असते, त्यामुळे मी त्या निर्णयाविरुद्ध लिहीत नाही. पण त्या गटात कोणी कोणाला हरवले, हे जर कोणाला पन्नास वर्षांनी तालिकेवरून शोधायचे असेल तर त्याला काहीही सापडणार नाही.

आपल्याकडच्या जत्रांच्या फडात या बाबतीत अधिक शहाणपण दिसते असे मला वाटते. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत किंवा कोणत्याही गावच्या उरुसात सकाळी पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या लागतात, मग इनाम चढत जाते आणि दिवस कलताना मानाची शेवटची कुस्ती होते. इनाम किती लावायचे हे पंच जोड पाहून ठरवतात. समोर कोण उभा आहे, त्याचे वजन किती, मागच्या जत्रेत त्याने कोणाला चितपट केले, हे सारे विचारात घेतले जाते, आणि कुस्ती बरोबरीत सुटली तर इनाम निम्मे-निम्मे वाटले जाते. हलगी थांबल्यावर या गावचे एकूण किती आणि त्या गावचे किती, अशी बेरीज मांडत कोणी बसत नाही. लोक घरी जाताना कुस्त्यांविषयी बोलतात.

याच दृष्टीने स्वप्निल कुसाळेच्या कांस्याकडे पाहावे. कांबळवाडी हे त्याचे गाव कोल्हापूर जिल्ह्यातले, आमच्या मराठवाड्यातले नव्हे. तरी १ ऑगस्ट २०२४ रोजी आमच्याकडेही पेढे वाटले गेले. ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स या प्रकारात त्याचे गुण ४५१.४, रौप्यविजेत्या युक्रेनच्या सेर्ही कुलिशचे ४६१.३ आणि सुवर्णविजेत्या चीनच्या लिऊ युकुनचे ४६३.६. हे आकडे असेच शेजारी शेजारी छापले गेले, आणि ‘बारा गुणांनी मागे’ असा अर्थ अनेकांनी काढला. वस्तुस्थिती अशी आहे की या अंतिम फेरीत ४० गोळ्यांनंतर शेवटचे दोघे आणि मग प्रत्येक गोळीनंतर एकेक नेमबाज बाद होत जातो. तिसरा क्रमांक ४४ व्या गोळीनंतर थांबतो आणि उरलेले दोघे ४५ वी गोळी झाडतात. एका चांगल्या गोळीचे साधारण दहा गुण वजा केले की स्वप्निल रौप्याच्या किती जवळ होता ते कळते. पात्रता फेरीत तो सातवा होता. सातव्या क्रमांकाने आत गेलेला माणूस तिसऱ्या क्रमांकाने बाहेर आला, ही त्या दुपारची खरी बातमी होती, आणि ‘कांस्य’ या एका नोंदीत ती मावत नाही.

आता आमच्या हक्काच्या माणसाविषयी. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातील मांडव्याचा अविनाश साबळे तीन हजार मीटर स्टीपलचेस धावतो. या शर्यतीत २८ अडथळे आणि पाण्याचे सात खड्डे ओलांडावे लागतात. शेवटच्या दोन फेऱ्यांत पाय जड झाल्यावर पाण्यापुढच्या लाकडी अडथळ्यावर पाऊल टेकवून झेप घ्यायची आणि खड्ड्यात जितके कमी भिजता येईल तितके कमी भिजून बाहेर पडायचे, ही गोष्ट टीव्हीवर वाटते तितकी सोपी नाही. तिथे अर्धे पाऊल चुकले तरी आधीच्या साऱ्या फेऱ्यांची कमाई जाते. टोकियोत साबळेने ८ मिनिटे १८.१२ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला, तरी त्याला अंतिम फेरी गाठता आली नाही. पॅरिसमध्ये प्राथमिक फेरीत पाचवा येऊन तो अंतिम फेरीत गेला. ऑलिम्पिक स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय पुरुष धावपटू. तिथे ८ मिनिटे १४.१८ सेकंदांत तो अकरावा आला.

त्या शर्यतीत सुवर्ण मिळवणाऱ्या मोरोक्कोच्या सुफियान अल बक्काली याची वेळ ८ मिनिटे ६.०५ सेकंद होती आणि कांस्य मिळवणाऱ्या केनियाच्या अब्राहम किबिवोटची ८ मिनिटे ६.४७ सेकंद. पहिला आणि तिसरा यांच्यात ४२ शतांश सेकंदांचे अंतर. तालिका या अंतराला डोंगराएवढे करते. पहिला आणि अकरावा यांच्यात आठ सेकंदांहून थोडे अधिक अंतर. त्याची तालिकेत नोंदच नाही. याच किबिवोटने २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत साबळेला केवळ पाच शतांश सेकंदांनी मागे टाकून सुवर्ण घेतले होते आणि साबळेला रौप्य मिळाले होते. पॅरिसचा कांस्यविजेता आणि आपला मांडव्याचा गडी यांच्यात दोन वर्षांपूर्वी डोळ्याची पापणी लवण्याइतकेही अंतर नव्हते, हे आष्टी-पाटोद्याच्या पोरांना कळायला नको का? पॅरिसनंतर मला मैदानावर भेटलेल्या अनेक पालकांनी मात्र एवढेच विचारले की साबळेला पदक मिळाले नाही ना, मग पोराला धावायला कशाला पाठवायचे. हा प्रश्न त्यांना सुचतो तो तालिकेत शून्य पाहून.

सांघिक खेळांचा मुद्दा थोडक्यात उरकतो. हॉकीच्या संघाने स्पेनला २-१ हरवून मिळवलेले कांस्य सोळा जणांच्या गळ्यात पडले आणि तालिकेत एक म्हणून मोजले गेले. भारतीय हॉकीने १९२८ ते १९८० या काळात आठ सुवर्णपदके मिळवली. मायकेल फेल्प्सने २००८ मध्ये एकट्या बीजिंगमध्ये आठ मिळवली. दोन्ही आठच. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये क्रिकेट परत येत आहे, पुरुषांचे आणि महिलांचे, प्रत्येकी सहा संघांचे. तिथे आपण सुवर्ण जिंकलो तर रूढ तालिकेत भारत एका झटक्यात बरीच पायरी चढेल, आणि सुवर्णाला इतके वजन नको म्हणणारे माझे सगळे मित्र त्या रात्री गप्प बसतील, अशी पैज मी आजच लावतो.

लोकसंख्येने भागाकार करण्याची सूचनाही वारंवार येते. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत पावणेदोन कोटींच्या वर होती. तेवढ्याच वस्तीच्या नेदरलँड्सला १५ सुवर्णे मिळतात, हा टोमणा मी अनेकदा ऐकला आहे. नीरजच्या मागे भालाफेकीत कांस्य मिळवणारा अँडरसन पीटर्स ज्या ग्रेनाडाचा, तो देश आपल्या उदगीर शहराएवढा. टोमण्यात तथ्य आहे, पण भागाकारात नाही, कारण प्रत्येक देशाला खेळाडू पाठवण्याची मर्यादा असते. कुस्तीत एका वजनी गटात एका देशाचा एकच मल्ल उतरतो, मग त्या देशाची वस्ती सव्वा लाख असो की १४० कोटी. त्यात ऑलिम्पिकला फ्रीस्टाइलचे सहाच गट, जागतिक स्पर्धेत दहा. पाटोद्याच्या राहुल आवारेने २०१९ च्या जागतिक स्पर्धेत कांस्य जिंकले ते ६१ किलोत, जो गट ऑलिम्पिकमध्ये नाही. त्याच्यासाठी ऑलिम्पिकची वाट ५७ किलोतून होती आणि तिथे रवी दहिया उभा होता. धाराशिवच्या सारिका काळेला खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला; तिचा खेळ तर ऑलिम्पिकच्या दाराबाहेरच आहे. अशा खेळाडूंना कोणत्या भागाकाराने मोजणार?

आणि मोजणीनेच स्मृती ठरत असती तर महाराष्ट्राने खाशाबा जाधवांना केव्हाच विसरायला हवे होते. १९५२ च्या हेलसिंकीत भारताला हॉकीचे सुवर्ण आणि खाशाबांचे कांस्य अशी दोन पदके मिळाली. रूढ पद्धतीत देशाचे स्थान मुख्यतः हॉकीच्या सुवर्णाने ठरले. खाशाबांचे कांस्य बरोबरी सोडवण्यापुरते. त्या काळी कुस्तीत आजच्यासारखी दोन कांस्य नव्हती, तिसरा एकच असायचा. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक; पुढचे १९९६ मध्ये लिअँडर पेसचे, आणि महाराष्ट्राचे पुढचे थेट ७२ वर्षांनी स्वप्निलचे. आज राज्य सरकार खाशाबांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, राज्य क्रीडा दिन म्हणून पाळते. तीन-दोन-एकच्या हिशेबात त्या पदकाला एक गुण आहे.

यावर सुवर्णाचे कडवे पाठीराखे म्हणतील की असे बोलत गेलो तर पोरांना जिंकण्याची भूकच राहणार नाही. हा आक्षेप मी हलका मानत नाही. तिसऱ्यात समाधान मानायला शिकवणे हे माझ्या पेशाला शोभणारे नाही, आणि सुवर्णाचा मान कोणत्याही रकान्याने कमी होऊ नये असेच मलाही वाटते. तसे पाहिले तर १८९६ च्या अथेन्समध्ये पहिल्यालाही रौप्यपदकच मिळाले होते, सुवर्ण-रौप्य-कांस्य हे त्रिकूट १९०४ पासून आले, आणि पॅरिसच्या ५२९ ग्रॅमच्या सुवर्णपदकात सोने होते सहा ग्रॅम. तरी पहिला कोण याविषयी कधी गोंधळ झाला नाही. भूक वाढते ती अंतर कळल्याने. आठ सेकंद कोठे गेले हे ज्याला माहीत आहे तोच ती आठ सेकंदे शोधायला पहाटे उठतो.

म्हणून आपल्याकडे माझी मागणी नवीन सूत्राची नाही. गुणपद्धती छापू नका, अशीच विनंती आहे. एक छापली की उद्या दुसरी मागणारे येतील. सुवर्ण आधी ही रूढ मांडणी खुशाल ठेवा, परंतु तक्त्याच्या माथ्यावर ‘क्रम सुवर्णपदकांवरून, ही ऑलिम्पिक समितीची अधिकृत क्रमवारी नाही’ अशी एक ओळ रोज द्या, आणि एकूण पदकांचा रकाना जागेअभावी कापू नका. ‘भारत अमुकावा’ हा मथळा पहिल्या पानावरून काढून टाका. त्याच्या जागी कोण कोठे पोहोचला ते लिहा.

त्या तक्त्याखाली पहिल्या आठांत आलेल्या प्रत्येक भारतीयाची नोंद असावी, कारण ऑलिम्पिकमध्ये पहिल्या आठ जणांना प्रशस्तिपत्र दिले जाते आणि ही मर्यादा मी मनाने काढलेली नाही. पॅरिसमध्ये भारत सहा प्रकारांत चौथा आला. मीराबाई चानूने १९९ किलो उचलले आणि कांस्य २०० किलोंवर गेले. मनू भाकर दोन कांस्यांनंतर २५ मीटर पिस्तूलमध्ये चौथी आली. लक्ष्य सेन बॅडमिंटनमध्ये, अर्जुन बबुता रायफलमध्ये चौथा. हे सारे बातम्यांत विखरून आले, पण एका ठिकाणी मांडून ठेवलेले मला तरी कोणत्या मराठी अंकात दिसले नाही. आठांच्या बाहेर राहिलेल्या पण अंतिम फेरी गाठलेल्या खेळाडूंसाठी आणखी एक ओळ लागेल, आणि धावपटू, नेमबाज व वेटलिफ्टर यांच्या नावापुढे वेळ, गुण किंवा वजन आणि शेजारी विजेत्याचा आकडा. दोन कांस्य असलेल्या खेळांना एक खूण करा. कुस्तीत आपला मल्ल कोणाकडून हरला आणि तो पुढे कोठपर्यंत गेला, हे कंसात लिहा. आमच्या भागात ती माहिती पदकाच्या रंगाआधी विचारली जाते.

यासाठी लागणारी जागा फार नाही. पॅरिसपुरते पाहिले तर भारताची अशी यादी एका रकान्याच्या अर्ध्या भागात बसली असती. लॉस एंजेलिसचे ऑलिम्पिक १४ जुलै २०२८ रोजी सुरू होत आहे. त्याआधी जिल्हा आणि विभागीय शालेय स्पर्धांच्या बातम्यांपासूनच ही पद्धत सुरू करता येईल. तिथेही आपण फक्त पहिला, दुसरा, तिसरा छापता आणि वेळ किंवा अंतर गाळता. जालन्यातल्या किंवा हिंगोलीतल्या एखाद्या मुलीने १५०० मीटर किती मिनिटांत पळाले हे छापून आले, तर तिचे शिक्षक ते कापून शाळेच्या फलकावर लावतील आणि पुढच्या वर्षी तिची वेळ त्याच्याशी ताडून पाहतील. अशा नोंदी पाठवण्याचे काम आम्ही क्रीडाशिक्षक आनंदाने करू. त्या कोणत्या तक्त्यात भरून हव्यात तेवढे आपण कळवावे.

आपला नम्र,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक
अंबाजोगाई, जि. बीड